‘आये, तू बसान ऱ्हव’ : म्हातारपणी पायातला जोर जातो कुठे?

गेल्या गणपतीत आजीला पाटावरनं उठताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. आधी डावा हात जमिनीवर टेकवला, मग उजवा गुडघ्यावर, पुढे झुकून जोर लावला, नाही जमलं, परत खाली बसली. पदर सावरला, जणू त्यासाठीच परत बसली होती, आणि दुसऱ्या खेपेला भिंतीचा आधार घेऊन उठली. पुढची पंगत मांडायची गडबड होती, कुणाचं लक्ष नव्हतं. हीच आजी मी शाळेत होते तेव्हा डोक्यावर हंडा नि कमरेवर कळशी घेऊन विहिरीपासून घरापर्यंतची पाखाडी चढायची, मधे न थांबता, वर गप्पा मारत. मी विचारलं काय गं होतंय, तर म्हणाली, "काय नाय गो, पायांत जोर ऱ्हवलो नाय. वय झाला."

हे "वय झाला" आपण इतकं पटकन मान्य करतो ना की पुढचा प्रश्न विचारायचाच राहतो. जोर राहिला नाही म्हणजे गेला कुठे? सगळ्यांचाच जातो का, आणि गेलेला परत आणता येतो का? तेव्हापासून मी वाचतेय, चुलत बहीण फिजिओथेरपी शिकतेय तिला विचारून विचारून समजून घेतेय, आणि जे कळलं ते आपल्या कोकणातल्या घराघराला लागू आहे असं वाटलं म्हणून लिहायला बसले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली होती, तरणी माणसं मुंबई-पुण्याला गेली, मागे राहिले ते म्हातारे आईबाप, मोठं घर, न्हाणीघराकडे जाणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या आणि पावसात त्यावर धरणारी शेवाळ. अशा ठिकाणी पायात जोर नसणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

तर या प्रकाराला डॉक्टर लोक सार्कोपेनिया म्हणतात. नाव तसं नवीनच आहे. १९८८ साली अमेरिकेत अल्बुकर्कीला एक बैठक झाली होती, तिथे अर्विन रोझेनबर्ग नावाच्या संशोधकानं मांडलं की वयाबरोबर शरीरातलं मांस जेवढं घटतं तेवढं ठळकपणे दुसरं काहीच घटत नाही, तरी याला साधं नावसुद्धा नाही, नाव दिलं तर लोक लक्ष देतील. मग ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले, सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे कमतरता. त्याचं म्हणणं खरं ठरायला मात्र वेळ लागला, अमेरिकेत आजारांच्या अधिकृत यादीत याला स्वतःचा कोड मिळाला तो २०१६ साली. म्हणजे तोपर्यंत अमेरिकेतल्या डॉक्टरच्या कागदावरसुद्धा हे साधारण "वय झालं" याच खात्यात जात होतं.

आता आत नक्की काय होतं ते बघू, कारण मला स्वतःला ते कळल्यावरच बाकीचं सगळं पटलं.

आपला स्नायू म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी असते, सुंभाच्या दोरीसारखी. स्वीडनमध्ये १९८८ सालीच एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १५ ते ८३ वयाच्या ४३ पुरुषांच्या मांडीचा एक मोठा स्नायू, मृत्यूनंतर, आडवा कापून त्यातले तंतू मोजले. दिसलं असं की घट साधारण पंचविशीतच सुरू होते, अगदी हळू, आणि ऐंशीपर्यंत स्नायू जवळजवळ ४० टक्के बारीक झालेला असतो. त्यात तंतू नुसते बारीक झालेले नसतात, संख्येनंच कमी झालेले असतात.

तंतू कमी का होतात? इथे मला आमच्या वाडीतली लाईट आठवते. मणक्यातनं निघालेली एकेक नस पायातल्या शेकडो तंतूंना हुकूम देते, जशी डीपीवरनं निघालेली एक लाईन बऱ्याच घरांना वीज देते. वय वाढतं तसं यातल्या काही नसा मरतात. लाईन तुटली की त्यावरची घरं अंधारात, पण शरीर तसं सोडून देत नाही, शेजारच्या लाईनवरनं जोडणी करून घेतं, म्हणजे उरलेली नस त्या पोरक्या झालेल्या तंतूंना आपल्याकडे घेते. काही वर्षं हे बरं चालतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण किती घरं एका लाईनवर घेणार? शेवटी काही तंतूंना कुणीच वाली उरत नाही आणि ते विरून जातात, त्या जागी चरबी नि चिवट धागे भरतात.

आणि यात जास्त मार कुणाला बसतो, तर वेगवान तंतूंना. आपल्या स्नायूत ढोबळमानानं दोन जातीचे तंतू असतात. एक संथ, दमदार, तासन्तास चालायला, उभं राहायला लागणारे. दुसरे वेगवान, क्षणात जोर लावणारे, खुर्चीतनं उठताना, पायरी चढताना, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाय घसरला की दुसरा पाय झटकन पुढे टाकून सावरताना लागणारे. म्हातारपणी हे दुसरे जास्त आटतात. म्हणून असं होतं की आजोबा रोज बाजारापर्यंत चालत जातात, सगळे म्हणतात काय तब्येत आहे, आणि एक दिवस मोरीत पाय सरकतो आणि सावरायला वेळच मिळत नाही. चालायचे तंतू शाबूत होते, सावरायचे गेले होते. आमच्या वाडीत गेल्या चार-पाच वर्षांत खुब्याचं हाड मोडलेली तीन माणसं आहेत, तिघंही घरातच पडली.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. मांस एकदा तयार झालं की झालं असं नसतं, ते रोज थोडं मोडतं नि रोज थोडं नवं बांधलं जातं. आपल्या बागेचा गडगा असतो ना तसं, पावसाळ्यात चार दगड ढासळतात, पावसानंतर आपण परत रचतो, गडगा वर्षानुवर्षं तोच दिसतो पण रचणं थांबलं की पाच-सहा वर्षांत गुरं आत. तरुणपणी जेवणातलं प्रोटीन पोटात गेलं किंवा जोराचं काम केलं की शरीरातल्या गवंड्याला लगेच हाक ऐकू जाते, तो कामाला लागतो. म्हातारपणी या गवंड्याला ऐकू कमी येतं. तेवढ्याच प्रोटीनला तो पूर्वीसारखा उठत नाही, जरा मोठ्यानं हाक मारावी लागते, म्हणजे एका जेवणात प्रोटीन जास्त आणि सोबत स्नायूला ताण. हे वाक्य मी चार वेळा वाचलं होतं, कारण आपण करतो बरोबर याच्या उलट, वय झालं की जेवणही हलकं आणि कामही हलकं.

आजीचंच सांगते. दोन वर्षांमागे भातलावणी संपता संपता तिला ताप आला. चार दिवस दवाखान्यात, पुढे घरी आठवडाभर बिछान्यावर. दवाखान्यातनं सोडताना सांगितलं काय, तर गोळ्या वेळेवर द्या, हलका आहार द्या, पूर्ण आराम. ताप उतरला, रिपोर्ट चांगले आले, सगळे खूश. पण त्या दुखण्यातनं उठलेली आजी आधीची नव्हती, ओटीवरच्या दोन पायऱ्या उतरताना खांबाला धरायला लागली, आणि आम्ही म्हटलं अशक्तपणा आहे, येईल भरून. तो आला नाही भरून. का नाही आला ते मला २००७ सालचा एक अमेरिकन अभ्यास वाचल्यावर कळलं. त्यात सरासरी सदुसष्ट वर्षांच्या, अगदी ठणठणीत माणसांना फक्त १० दिवस बिछान्यावर ठेवलं. आजार नाही, ताप नाही, जेवण मोजून व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या फक्त पायांतनं जवळजवळ एक किलो मांस गेलं, आणि स्नायू नवं प्रोटीन बांधायचा वेग ३० टक्क्यांनी खाली आला. ठणठणीत माणसाचं हे, मग तापानं भाजलेल्या, नुसत्या पेजेवर असलेल्या ऐंशीच्या बाईचं काय झालं असेल. ती अकरा दिवस पडून होती. कुणी मुद्दाम वाईट केलं नाही, सगळ्यांनी जीव लावूनच केलं, पण तिला रोज दोनदा धरून उठवून पडवीत फिरवायला हवं होतं आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, हे मला अजून लागतं.

आणि नंतर घरात जे सुरू झालं ते प्रत्येक घरात होतं. बाबा आणि काका सुट्टीत आले की, "आये, तू बसान ऱ्हव, काय व्हया ता सांग." विहिरीवर पंप बसला, ते चांगलंच झालं. पाटाच्या जागी खुर्ची आली, चूल गेली, फुलं काढायला कुणीतरी दुसरं जायला लागलं, दळण, वाटण, झाडलोट सगळं हातातनं काढून घेतलं. पूर्वी तिचा दिवस म्हणजे पन्नास वेळा खाली बसणं नि पन्नास वेळा उठणं होतं, विळीवर बसायचं, चुलीसमोर बसायचं, अंगणात भाताचे तांदूळ निवडत बसायचं, आणि दर वेळी स्वतःचं सगळं वजन मांड्यांवर उचलून उभं राहायचं. जिममध्ये पोरं पैसे भरून तेच करतात. आम्ही ते प्रेमानं बंद केलं.

ब्राझीलमध्ये क्लॉडिओ गिल अराउजो नावाच्या डॉक्टरांनी यावरच एक साधी परीक्षा केली होती, २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना अनवाणी जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितलं. बसायचे ५ गुण, उठायचे ५, हात टेकला की एक गुण गेला, गुडघा टेकला की एक गेला, तोल गेला तर अर्धा. पुढची सहा-एक वर्षं लक्ष ठेवलं तर ज्यांना ३ किंवा कमी गुण होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ८ ते १० गुणवाल्यांच्या पाचपटीहून जास्त निघालं. याचा अर्थ जमिनीवर हात टेकला म्हणून कुणी मरत नाही, पण जमिनीवरनं उठणं यात ताकद, तोल, सांधे, सगळ्याची एकदम हजेरी लागते. आपल्याकडे पाटावर बसून जेवणं हे या परीक्षेचा रोजचा पेपर होता.

पकडीचं पण असंच. हाताची पकड मोजायचं एक छोटं यंत्र असतं, मुठीत धरून दाबायचं, किलोत आकडा येतो. भारतासकट १७ देशांत जवळजवळ एक लाख चाळीस हजार माणसांवर केलेला प्युअर नावाचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात पकड दर ५ किलोनं कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि धोका ओळखायला वरच्या बीपीपेक्षा पकड जास्त कामाची ठरली. बीपी आपण दर महिन्याला बघतो. पकड कधी कुणी बघितलीय? आपल्या देशात मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या माणसांची भली मोठी पाहणी केली, ७२ हजारांहून जास्त माणसं होती, त्यात मात्र पकड मोजलीय. म्हणजे यंत्र काही दुर्मीळ नाही, तालुक्याच्या दवाखान्यात टेबलावर ठेवायला काहीच हरकत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण वजनकाटा यात फार फसवतो. सुरुवातीला संशोधकांना वाटायचं मांस किती आहे ते मोजलं की झालं. पण अमेरिकेत सत्तरीतल्या माणसांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की मांस जेवढं घटतं त्याच्या साधारण तिप्पट वेगानं ताकद घटते, आणि ज्यांचं मांस टिकलं किंवा वाढलं त्यांचीसुद्धा ताकद घटली. म्हणून युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये व्याख्याच बदलली, आता आधी ताकद बघतात, मांस नंतर. आणि आपल्या लोकांत अजून एक भानगड आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपला आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण इंग्रज माणसाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे दिसायला बारीक पण आत चरबी जास्त नि मांस कमी, अशीच आपली घडण. त्यामुळे "मावशी चांगल्या अंगानं भरलेल्या आहेत, त्यांना कसला अशक्तपणा" असं म्हणून सोडून देऊ नका. जाड माणसाचे पाय आतनं वाळलेले असू शकतात, आणि त्यांना तर जास्त वजन उचलावं लागतं. जेवल्यावर रक्तातली साखर सर्वात जास्त उचलतो तो स्नायूच, त्यामुळे स्नायू घटला की डायबिटीसचंही फावतं.

आता चांगली बातमी, आणि यासाठीच खरं तर मी लिहायला घेतलं.

बॉस्टनमधल्या एका वृद्धांच्या संस्थेत मारिया फियाटारोन या डॉक्टरबाईंनी १९९० मध्ये असं काही केलं की तेव्हा लोकांना ते धाडसच वाटलं असणार. १० माणसं घेतली, वय ८६ ते ९६, अशक्त, कुणी काठीवर, कुणाला दोन-तीन आजार. त्यांना ८ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, आणि हलकं नाही, जेवढं जास्तीत जास्त उचलता येतं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. एकानं मधेच सोडलं, नऊ जणांनी पुरं केलं. त्या नऊ जणांची पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. नव्वदीत! मांडीचं मांस ९ टक्केच वाढलं, मग एवढी ताकद आली कुठनं, तर बरीचशी त्या लाईनीतनं, नसांनी उरलेल्या तंतूंना पुन्हा नीट एकदम हाक द्यायला शिकल्यामुळे. आणि हेही लिहून ठेवलंय त्यांनी, की व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी उतरली. म्हणजे गडगा रचत राहावा लागतो.

चार वर्षांनी त्यांनीच १०० जणांवर मोठा अभ्यास केला, सरासरी वय ८७. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायामवाल्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली, आणि नुसतं पेय पिणाऱ्यांचा काहीही फायदा झाला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मुंबईहून येताना आपण सगळे आईबापांसाठी प्रोटीन पावडरचा डबा आणतो. डबा वाईट नाही. पण गवंडी उठलाच नाही तर नुसता चिरा आणून अंगणात टाकल्यासारखं आहे ते. गोळ्या-इंजेक्शनांचंही तसंच. स्नायूची वाढ रोखणारं मायोस्टॅटिन नावाचं एक प्रोटीन १९९७ मध्ये सापडलं, ते अडवलं की मांस वाढतं, म्हणून औषधं बनवली, पण २०२० मध्ये आलेल्या एका चाचणीत मांस छान वाढलं नि चालण्या-उठण्यात मात्र औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक पडला नाही. ड जीवनसत्त्वाचंही ऐका, कमी असेल तर डॉक्टर देतील ते जरूर घ्या, पण स्वतःच्या मनानं मोठे डोस नकोत, ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातनं एकदा पाच लाख युनिटचा डोस दिला तर पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं होतं.

जेवणाचं आम्ही असं बघितलं. आपल्याकडे सर्वसाधारण माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगतात, पण म्हाताऱ्या माणसांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम म्हणतात, आजारपणात त्याहून जास्त. आजी ४५ किलोची, म्हणजे तिला दिवसाला ४५ ते ५४ ग्रॅम हवं. मी दोन दिवस कागदावर लिहून काढलं ती काय खाते. सकाळी चहा-बटर, दुपारी भात, पातळ आमटी, बांगड्याची एक तुकडी, रात्री उकड्या तांदळाची पेज नि लोणचं. ओढून ताणून पंचवीस-तीस ग्रॅम. आणि सोमवार, संकष्टी, श्रावण आला की माशाची तुकडीही गेली, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तर घरात मासाच नसतो. पेजेला मी नाव ठेवत नाही, तापात पेजेसारखं दुसरं काही नाही, पण नुसत्या पेजेवर गडगा रचला जात नाही.

मग फार काही न बदलता आपलंच खाणं फिरवलं. कुळथात शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणून रात्री पेजेबरोबर कुळथाची पिठी, पण नेहमीपेक्षा घट्ट, आणि तिच्या वाटणीला वाटीभर. सकाळी एक उकडलेलं अंडं, दुपारी बांगड्याची तुकडी एकाऐवजी दोन, मासा नसेल तेव्हा मुगागाठी नाहीतर चण्याची उसळ, झोपताना दूध. दात नाहीत हेही कारण असतं बरं का, आजी उसळ टाळायची ती आवडत नाही म्हणून नाही, चावत नाही म्हणून, मग ती जरा जास्त शिजवून ठेचून द्यायला लागलो. सुकटीत प्रोटीन भरपूर पण मीठही भरपूर, बीपी असेल तर बेतानं. आणि किडनीचा त्रास असलेल्यांनी यातलं काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय वाढवू नका, तिथे हिशोब वेगळा असतो.

घरच्या घरी ओळखायचं कसं? जपानमध्ये एक सुंदर युक्ती काढलीय. दोन्ही हातांचे अंगठे नि तर्जन्या जोडून कडं करायचं आणि आपल्याच पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरायचं. बोटं पोटरीला पुरत नसतील तर छान. कडं सैल राहून मधे फट दिसली तर संशय घ्यायचा. शिवणाच्या टेपनं मोजलं तर आशियातल्या तज्ज्ञांनी पुरुषाला ३४ आणि बाईला ३३ सेंटीमीटर ही सीमा धरलीय, आजीची भरली साडेएकोणतीस. दुसरी परीक्षा खुर्चीची, हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी. आजीचा तिसऱ्याच वेळी हात खुर्चीच्या दांड्यावर गेला. शिवाय पाच साधे प्रश्न आहेत, साडेचार किलो उचलताना, खोलीतल्या खोलीत चालताना, खुर्ची-पलंगावरनं उठताना, दहा पायऱ्या चढताना किती त्रास होतो, आणि वर्षात किती वेळा पडलात, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण द्यायचे, बेरीज ४ झाली की डॉक्टरकडे जायचं. पण एक लक्षात ठेवा, हे सगळं हळूहळू होतं. एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला तर हे ते नव्हे, तेव्हा टेप शोधत बसू नका, सरळ गाडी काढा. थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, डायबिटीसनं गेलेल्या नसा, काही औषधं, यांनीही पायातला जोर जातो, म्हणून एकदा तपासून घेतलेलं बरं.

व्यायामाचं मात्र एक सांगते, नुसतं चालणं पुरत नाही. चालणं चांगलंच, अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १६३५ माणसांवर अडीच वर्षांहून जास्त चाललेल्या अभ्यासात चालणं, ताकद आणि तोल असं तिन्ही मिळून करणाऱ्यांचं चालणं-फिरणं बंद पडायचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी झालं, पण "तिन्ही मिळून" हे महत्त्वाचं. वेगवान तंतूंना जाग यायची तर त्यांना जड वाटेल असं काहीतरी हवं, शेवटच्या दोन खेपा कठीण जायला हव्यात. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातनं निदान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल नि ताकद दोन्हीचा व्यायाम सांगते.

बहिणीनं आजीला बसवून दिलं ते असं. पडवीत भिंतीला टेकवून लाकडी खुर्ची ठेवायची, प्लॅस्टिकची नको, सरकते. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा, म्हणजे उंची वाढते नि उठायला सोपं जातं. हात न लावता उठायचं, सावकाश बसायचं, धपकन नाही, कारण सावकाश बसण्यातही मांडीचं तेवढंच काम होतं. पाच वेळा, विसावा, परत पाच. मग खांबाला धरून टाचा उचलायच्या. ओटीच्या खालच्या पायरीवर एक पाय चढवायचा-उतरवायचा. श्वास कोंडायचा नाही, म्हणून मोठ्यानं आकडे म्हणायचे. एक दिवसाआड. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखल्या तर काका लगेच फोनवर, "कित्याक त्या म्हातारीक त्रास देतास?" त्यांना समजावलं की हे दुखणं वेगळं, दोन दिवसांत जातं, सांध्यात कळ आली किंवा छातीत काही वाटलं तर मात्र थांबायचं. पंधरा दिवसांनी एक उशी काढली. दीड महिन्यानं दुसरी. मग दोन्ही हातांत लिटर-लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दिल्या.

फुलं काढायचं काम तिला परत दिलंय. अंगणात शेवाळ धरते तिथे चुना टाकून घासून घेतलं, न्हाणीत धरायला दांडा बसवला, आणि मग तिला सोडलं. जास्वंदीसाठी टाचा उचलाव्या लागतात, तगरीसाठी वाकावं लागतं.

शिमग्याला गेले तेव्हा खुर्चीची परीक्षा परत घेतली. पाच वेळा, हात न लावता, चौदा सेकंद. अजून बारापर्यंत यायचंय. पाटावरनं उठताना एक हात अजून टेकते, भिंत लागत नाही. काल फोन केला तर बाकी काही बोलायच्या आधी तेच सांगितलं, "आज दहा झाले. अकरावो करी होतंय तर मांजर पायात इला."